शेवटच्या ओळीतला खिळा

माणसांपेक्षा खिळ्यांवर जास्त भरवसा ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. तुम्ही त्यांच्यासमोर उभे आहात, हातात चहाचा कप आहे, त्यांच्याशी बोलताय, हा तुम्ही घरी असल्याचा पुरावा त्यांना चालत नसे. दाराशेजारी एक फळी होती. तिच्यावर खिळ्यांच्या ओळी, आणि प्रत्येक खिळ्याखाली घरातल्या एकेकाचं नाव रंगवलेलं. बाहेर जाताना आपल्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा, परत आल्यावर अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस बाहेर. मी एकदा ऑफिसातून आलो आणि बिल्ला खिशातच ठेवून सरळ जेवायला बसलो. आतोबा समोरच होते. त्यांनी आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं, लोणचं सरकवलं, आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "तुम्ही जेवत का नाही?" मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तू अजून आला नाहीस."

हे वेड त्यांनी विदर्भातल्या कोळशाच्या खाणीतून आणलं होतं. सगळी नोकरी त्यांची तिथंच झाली. खाणीत उतरणाऱ्यानं बत्तीघरातून दिवा घ्यायचा, बोर्डावरचा आपला बिल्ला घ्यायचा, आणि वर आल्यावर दोन्ही परत करायचे. पाळी सुटली की बोर्डावर एक नजर टाकली तरी कळतं, जमिनीखाली कुणी राहिलंय का. निवृत्त झाल्यावर ते वाशीच्या नव्या वसाहतीत घर घेऊन राहिले, आणि मुंबईत खोली मिळेना म्हणून मी त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलो. ते सहा महिने पुढं माझं लग्न, दोन मुलं आणि चष्म्याचे तीन नंबर होईपर्यंत चालले. तेव्हाची वाशी म्हणजे खाडी, चिखल, आणि मधेच उगवलेल्या एकसारख्या इमारती. मी एकदा शेजारच्या इमारतीत शिरून कुणा अनोळखी बाईला "चहा टाक" म्हणून आलो होतो. आतोबा त्यावर एवढंच म्हणाले, "तिथं बोर्ड नव्हता, तेव्हाच तुला कळायला हवं होतं."

रोज संध्याकाळी सगळे परतले की ते फळीपुढं उभे राहत, ओळीवरून बोट फिरवत, आणि म्हणत, "भरला." मगच त्यांच्या तोंडात पहिला घास जाई. नातेवाइकांत याची यथेच्छ टिंगल चाले. चुलतभावाच्या लग्नाला पनवेलहून बस केली होती, तर यांनी वऱ्हाडातल्या एकूण एक माणसाला पुठ्ठ्याचा बिल्ला वाटला. परतताना बस काही सोडू देईनात. एक माणूस जास्त होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पोरं रडताहेत, आणि आतोबा सीटमागून सीट तपासत शेवटी नव्या नवरीपुढं येऊन उभे राहिले. "तुमचा बिल्ला?" ती बिचारी मुंडावळ्यांआडून रडायलाच लागली. आत्या ओरडली, "अहो, सून आहे ती! तिच्यासाठीच तर आलो होतो!" आतोबांनी खिशातून एक कोरा पुठ्ठा काढला, त्यावर तिचं नवं नाव लिहिलं, तिच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाले, "आता सोडा."

दुसरी सवय छत ठोकण्याची. खाणीत कुठल्याही छताखाली बसण्याआधी ते काठीनं ठोकून बघतात. खणखणीत वाजलं तर बसायचं, बद्द वाजलं तर तिथून हलायचं. आतोबांची ती वेताची काठी माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही बरोबर होती. मुलीच्या वडिलांनी "बसा, बसा" म्हणायच्या आत यांनी वर ठोकलं, आणि स्लॅबच्या प्लॅस्टरचा तळहाताएवढा तुकडा सुटून पोह्यांच्या बशीत पडला. आतोबा म्हणाले, "बद्द होतं." मला वाटलं, संपलं. पण ते लग्न जमलं. माझी बायको अजून सांगते, "त्या दिवशी आमच्या घरात सगळे गोड गोड बोलत होते, खरं बोलणारे ते एकटेच. म्हटलं, त्यांच्यासाठी पुतण्या चालवून घेऊ." मी आत्याच्या भावाचा मुलगा, त्यांचा पुतण्या नव्हे, ही दुरुस्ती मी त्या काळात करत असे. पुढं सोडून दिली.

हे सगळं हसण्यावारी नेलं जाई, पण आत्या कधी हसली नाही. एकदा बाजारातून मी भरताची दोन सुरेख वांगी आणली, तेव्हा तिनं ती पिशवीतूनच परत पाठवली. "या घरात भरीत होत नाही," ती म्हणाली. मग भाजी निवडता निवडता तिनं सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. पाळी सुटली, बोर्डावरचा एक खिळा रिकामा होता. कारकून म्हणाला, तो दुसऱ्या दारानं गेला, बिल्ला उद्या देईल. आतोबा दमले होते. घरी आले. तिनं भरीत केलं होतं, ते चवीनं जेवले. तो माणूस दुसऱ्या दारानं गेला नव्हता. "सकाळी काढला त्याला," आत्या म्हणाली. "डॉक्टरानं सांगितलं, बराच वेळ जिवंत होता. तेव्हापासून यांना माणूस दिसला तरी पटत नाही. खिळा बघावा लागतो."

असा माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ कसा बसणार? वाशीच्या पाठीमागं, तुर्भ्याच्या अंगाला, डोंगर फोडून नवी मुंबई उभी राहत होती. आम्ही ज्या घरात पाय पसरून झोपत होतो त्याची खडी तिथूनच यायची. दुपारी सुरुंगाचा आवाज झाला की आमच्या फडताळातल्या कपबशा एकमेकींना टेकून किणकिणत, आणि आतोबा पेपर खाली ठेवत. "भोंगा नाही वाजवला," ते म्हणत. एक दिवस ते काठी घेऊन चालत तिकडं गेले आणि संध्याकाळी पांढरे होऊन परत आले. भुवयांपासून चपलेपर्यंत दगडाची पूड. आत्यानं त्यांना आधी गॅलरीत झटकलं, मग घरात घेतलं.

दगडखाण सुरक्षा मंडळाचा जन्म त्या झटकण्यातून झाला. पहिली सभा हायवेलगतच्या एका पंक्चरवाल्याच्या माळ्यावर भरली. खाणमालक आले ते सुरक्षेच्या ओढीनं नव्हे. सुरुंगाच्या परवान्यासाठी सरकारी साहेबापुढं जाताना एखादं मंडळ आणि इंग्रजी बोलणारा म्हातारा पाठीशी असलेला बरा, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. अध्यक्ष झाले तिथल्याच गावचे एक शेठ. मिठागर गेलं, शेती गेली, राहिलेल्या डोंगराच्या तुकड्यावर त्यांनी खाण टाकली होती. गळ्यात साखळी, तोंडात पान, आणि मन तसं मोकळं. आतोबांना ते "शेक्रेटरीसायेब" म्हणत, आणि दर सभेला घरची ताजी मासळी पाठवत. आत्या कोकणस्थ. ती मासळी माझी बायको नाक मुरडत शेजारी देऊन येई आणि तिथंच जेवून येई.

मंडळानं पहिल्यांदा हेल्मेटं वाटली. महिन्याभरानं आतोबा बघायला गेले, तर दगड वाहणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पूर्वीसारखीच चुंबळ. हेल्मेटावर घमेलं बसतच नाही, हे सभेत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एका झोपडीत हेल्मेटात पाणी भरून ठेवलेलं, एकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. आतोबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "निदान एक जीव तरी नियमानं वागतोय." मग सुरुंगाची वेळ सगळ्यांनी एक ठेवायची ठरली, भोंगे आले. पण प्रत्येक मालकानं भोंगा आपापल्या घड्याळावर लावला, त्यामुळे दुपारभर कुठं ना कुठं भोंगा वाजत राही आणि मजूर पळून पळून दमून जात. तरी हळूहळू जमलं. प्रत्येक खाणीवर बोर्ड आला, खिळे आले, बिल्ले आले. सुरुंगाआधी बोर्ड भरल्याशिवाय बत्ती द्यायची नाही, हे सोलापूर-विजापूरकडून आलेल्या दगडफोड्यांनी मालकांच्या आधी उचललं. त्यांच्या बायका तर बिल्ला हळदीकुंकवाच्या बोटानं पुसून मगच नवऱ्याला देत.

मग पर्यावरण आलं. कुणा अधिकाऱ्यानं भाषणात सांगितलं, आता हा शब्द हवाच. मंडळाच्या नावात तो घालायचं ठरलं, पाटी रंगवायला टाकली, आणि अध्यक्षांनी हळूच विचारलं, "शेक्रेटरीसायेब, पन ह्या पर्यावरन म्हंजी नक्की काय हाय?" आतोबांनी माळ्यावरचा स्टीलचा ट्रे उचलला, त्यावरून बोट ओढलं आणि पांढरं झालेलं बोट त्यांच्यापुढं धरलं. "हे."

"ही तं धूल हाय."

"तीच तुमच्या नातवाच्या छातीत आहे."

अध्यक्षांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाणीच्या कडेनं गुलमोहराची रोपं लावली, पाण्याचा टँकर सुरू केला. टँकर उन्हाळ्यापर्यंत चालला. गुलमोहर चांगले जगले, पण खाण वाढत वाढत त्यांच्यापर्यंत पोचली आणि एका सुरुंगात सगळे खाली गेले. आतोबा तोवर स्वतःही खोकायला लागले होते. त्यांच्या छातीतून शिट्टी वाजे. ते म्हणत, "पाळी सुटल्याची आहे."

ढालीची कल्पना त्यांचीच. कोळसा खाणींत सुरक्षा सप्ताह होतो, ज्या खाणीत वर्षभर अपघात नाही तिला ढाल मिळते. इथंही तसंच करायचं. शिसवी लाकडाची, वर पितळी पत्रा, आणि पत्र्यावर मोठं शून्य कोरलेलं. ती ढाल आमच्या घरी आली तेव्हा मुलांनी तिच्यावर वरणभात ठेवून जेवून घेतलं. आणि चमत्कार असा, की ढाल जाहीर झाल्यापासून अपघात थांबले. कुठल्याच खाणीवरून बोट चेंगरल्याची, डोळ्यात कपची गेल्याची बातमी येईना. आतोबा इतके खूश, की त्यांनी एकदा बाजारातून स्वतःहून गजरा आणला. आत्यानं तो घेतला, हुंगला आणि म्हणाली, "एकदम कसे थांबले हो?" आतोबांना तो प्रश्न आवडला नाही.

समारंभ अध्यक्षांच्याच खाणीत झाला, कारण ढालही त्यांनाच मिळाली होती. खाली खाणीच्या तळाशी मांडव, खुर्च्या, फोटोग्राफर, कुणीतरी मोठे पाहुणे. मजुरांना सुट्टी देऊन रांगेत बसवलेलं. मी सहकुटुंब गेलो होतो, मुलांना पेढ्यांची आशा होती. आतोबांनी नवा कोट घातला होता. ढाल हातात घेऊन ते माइकपुढं आले, आणि जन्माची खोड, आधी बोर्डाकडं बघितलं. सुट्टी, कुणीच कामावर नाही, म्हणजे बोर्ड भरलेला हवा. त्यांचं बोट हवेतच ओळीवरून फिरलं आणि थांबलं.

"हा खिळा कुणाचा?"

मुकादम पुढं आला. "यल्लप्पाचा, साहेब. गावाला गेला."

"गावाला जाणारा बिल्ला अडकवून जातो."

"विसरला असंल."

"दुसऱ्या दारानं गेला का?" आतोबांनी विचारलं. मांडवात त्याचा अर्थ कुणाला कळला नाही. माझ्या शेजारी आत्यानं माझं मनगट धरलं.

रांगेतून एक बाई उठली. डोक्यावर नेहमीची चुंबळ तशीच, पदर दातांत. "बिल्ला त्याच्या करदोट्याला बांधलेला होता, साहेब," ती म्हणाली. "पायावर दगुड आला. उचलून तसाच टेम्पोत घातला. गावालाच नेऊन सोडला, बायकूपोरांसकट."

"दवाखाना?"

"दवाखान्यात नोंद झाली असती ना, साहेब. मग ढाल गेली असती."

माइक चालूच होता. तो खरखरत राहिला. अध्यक्ष खुर्चीतून उठून आतोबांच्या जवळ आले. त्यांचा आवाज खाली होता, पण पहिल्या रांगेतल्या आम्हाला ऐकू आला. त्यात गुर्मी नव्हती, हेच वाईट होतं. "शेक्रेटरीसायेब, मी काय त्याला मारून टाकला नाय. घरी पोचवला, पैशे दिले. तुमीच शून्य मागितलात. आमी शून्य दिला."

आतोबांनी ढालीकडं पाहिलं. मग ती काखेत मारली, पाहुण्यांना नमस्कार केला आणि मांडवातून चालू लागले. तुर्भ्यापासून वाशीपर्यंत ते चालतच आले, आम्ही मागून. रस्त्यात ओळखीचे लोक भेटत होते. काखेत ढाल, अंगात नवा कोट. "अरे वा, अभिनंदन!" किराणावाला म्हणाला. "कशाबद्दल मिळाली?" इस्त्रीवाल्यानं विचारलं. आतोबा प्रत्येकापुढं थांबत, काहीतरी बोलायला तोंड उघडत, खोकत, आणि पुढं निघत. घरी येऊन त्यांनी ती भिंतीला टेकवली, पत्र्याची बाजू भिंतीकडं करून. त्या संध्याकाळी आम्ही सगळे घरात होतो, सगळे बिल्ले जागेवर होते, तरी त्यांनी बोर्डापुढं उभं राहून "भरला" म्हटलं नाही. आम्ही जेवलो. ते जेवले नाहीत.

दोन दिवसांनी ते विजापूरकडं, यल्लप्पाच्या गावी निघाले. आत्या मला म्हणाली, "तू जा बरोबर. एकटे गेले तर एसटीचं छत ठोकत बसतील." सकाळी ते गाडीत चढले आणि छताकडं त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माणूस असेल की नसेल, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या बाईनं त्याला फक्त टेम्पोत घालताना पाहिलं होतं. माझ्या डोक्यात, तो नसला तर यांना परत कसं न्यायचं, एवढाच विचार. आतोबा खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले. "मीच विचारायला हवं होतं, एकदम कसे थांबले. तुझी आत्या विचारत होती."

यल्लप्पा होता. गावाच्या वेशीवर लिंबाखाली बसून कुणाच्या तरी पाट्याला छिन्नीनं टाकी लावत होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता, कुबडी झाडाला टेकवलेली. आतोबांना बघून तो धडपडत उठायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघवेना. तो घाबरला होता. "साहेब, बिल्ला राहिला माझ्याकडं," तो घाईघाईनं म्हणाला. "चोरला नाही, साहेब. कुणाच्या हातानं पाठवू, कळंना." त्यानं करदोट्याची गाठ सोडायला घेतली. ती घामानं घट्ट बसली होती, सुटेना. आतोबा त्याच्यासमोर धुळीत बसले आणि त्या गाठीशी स्वतः झटू लागले. फार वेळ लागला. यल्लप्पा संकोचून सारखा "राहू द्या, साहेब, राहू द्या" म्हणत होता. बिल्ला हातात आल्यावर आतोबांनी तो मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं त्याचा खांदा एकदा चाचपला. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होतो. बिल्ला हातात असताना माणूस खरंच आहे का हे बघताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं.

परत आलो तोवर मंडळानं दुसरा सेक्रेटरी नेमला होता. यल्लप्पाच्या भरपाईसाठी आतोबांनी कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, शेवटी काहीतरी मिळालं, पण पाय मिळाला नाही. खाणीवर ते बिल्ला अडकवायला गेले, तर बोर्ड जागेवर नव्हता. पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडला होता, त्यावर चहाचे ग्लास. ते घरी आले, हातोडी मागितली आणि आमच्या फळीवर शेवटच्या ओळीत एक खिळा ठोकला. त्याच्याखाली यल्लप्पाचं नाव लिहिलं. बिल्ला अडकवला. ओळीवरून बोट फिरवलं. "भरला," म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून अगदी साध्या आवाजात विचारलं, "भरीत करतेस?"

आत्यानं मला बाजारात पिटाळलं. तिनं वांगं गॅसवर भाजलं, सोललं, घोटलं, वर तेल सोडलं. आतोबांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. "मीठ कमी आहे," म्हणाले. एरवी आत्या यावर तासभर भांडली असती. ती उठली आणि मीठ आणायला आत गेली. मिठाची बरणी हाताशीच होती. तिला यायला वेळ लागला.

त्यानंतर ते फार दिवस नव्हते. छाती पार भरत आली होती. आत्या डॉक्टरला म्हणाली, "अर्धा डोंगर छातीत घेऊन बसलेत." गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं. तुर्भ्याचे अध्यक्षही आले होते, पान न खाता, कोपऱ्यात उभे. तिरडी उचलताना मला काय वाटलं कोण जाणे, मी बोर्डावरून आतोबांचा बिल्ला काढला आणि त्यांच्या हातात ठेवायला गेलो. बाहेर जाणाऱ्यानं बिल्ला घेऊन जायचा, त्यांचाच नियम. आत्यानं माझा हात धरला. सगळ्या जन्मात तिनं त्या बोर्डाच्या नियमात कधी तोंड घातलं नव्हतं. "बिल्ला आत उतरणाऱ्यानं न्यायचा," ती म्हणाली. "यांची पाळी सुटली. लाव परत."

मी परत लावला.

आता आम्ही सानपाड्याला मोठ्या फ्लॅटमध्ये असतो. डोंगर निम्मा राहिला, खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झालीत, मंडळाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. आत्याही गेली. फळी मात्र आली आमच्याबरोबर. मुलं तिच्यावर स्कूटरच्या किल्ल्या अडकवतात. पितळी बिल्ले जुन्या घरापासूनच कमी होत गेले, कुठं हरवले कळलं नाही. दोनच उरलेत, आतोबांचा आणि शेवटच्या ओळीतला यल्लप्पाचा, आणि त्या खिळ्यांवर किल्ली अडकवायची नाही एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी संध्याकाळी परततो, किल्ली अडकवतो, आणि उगाचच थोडा वेळ तिथं उभा राहतो. हात धुऊन ताटावर बसतो. बायको वाढते, मुलं बोलत असतात, आमटी पुढं सरकते. समोर कुणीच थांबलेलं नसतं, आणि मग जेवण होईपर्यंत वाटत राहतं, की मी अजून आलोच नाही.